‘कालाखट्टा’ : एक शब्द की दोन?

बर्फाच्या गोळ्यावर घालतात त्या ‘कालाखट्टा’ सरबताचे नाव जोडून लिहावे की तोडून, आणि मराठीत त्याला सरळ ‘काळे आंबट’ का म्हणू नये, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते ते जोडूनच लिहावे, आणि त्याचा पुरावा व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा गोळ्याच्या गाडीपाशी लवकर सापडतो.

‘काळा बाजार’ यात विशेषण आणि नाम वेगळे आहेत, म्हणून प्रत्यय लागताच विशेषणही बदलते आणि आपण ‘काळ्या बाजारात’ असे म्हणतो. त्याच न्यायाने ‘काल्या खट्ट्याचा’ असे रूप व्हायला हवे होते. प्रत्यक्षात मात्र गाडीला टेकून उभा असलेला मुलगा ‘मला कालाखट्ट्याचा गोळा द्या’ असे म्हणतो. म्हणजे शेवट ‘पट्टा–पट्ट्याचा’ याप्रमाणे अस्सल मराठी वळणाने चालतो, पण ‘काला’ जागचा हलत नाही, कारण बोलणाऱ्याच्या लेखी तो स्वतंत्र शब्दच उरलेला नाही. शेजारी ‘गोळा’ आपला ‘ळ’ घेऊन बसलेला असूनही ‘काला’चा ‘काळा’ झाला नाही, हेही त्याचेच लक्षण आहे.

भाषांतराचा आग्रह मला पटत नाही. जांभळाच्या चवीचे गडद सरबत, वर पिळलेले लिंबू, पादेलोण आणि चाट मसाला या सगळ्या मेळाचे ते नाव आहे, वर्णन नव्हे. नुसते ‘आंबट’ मागितले तर लिंबूच जास्त पिळून मिळेल. (‘पादेलोण’ हा सुरेख शब्द मात्र ‘काळे मीठ’पुढे मागे पडला, याची हळहळ वाटते.)

बर्फ ‘तासतात’ की ‘किसतात’, हाही याच प्रश्नातला उपप्रश्न आहे. जुन्या गाडीवरचे लाकडी यंत्र उलट्या रंध्यासारखे दिसते, म्हणून ‘तासणे’ सुचते. परंतु सुताराचे लाकूड स्थिर असते आणि रंधा फिरतो, तर येथे पाते स्थिर असते आणि फडक्यात धरलेला बर्फाचा तुकडा त्यावरून घासला जातो, अगदी किसणीवरच्या गाजरासारखा. म्हणून ‘किसणे’च योग्य.

हल्ली मावा, रबडी आणि सुका मेवा घातलेला ‘डिश गोळा’ मिळतो. त्याला काडी नसते आणि आकारही ढिगाऱ्याचा असतो, तरी नाव ‘गोळा’च राहिले आहे. तिथेही मागणी ऐकू येते ती ‘एक कालाखट्ट्याची डिश’ अशीच.