नवीन सेन्सर टाकला तरी चेक लाईट परत का येते?

प्रश्न : माझ्याकडे 2021 ची 160 सीसीची बीएस 6 बाईक आहे, 34 हजार किलोमीटर झालेत. मी चिपळूणला राहतो आणि दर शनिवारी कुंभार्ली घाटातून कराडला आईकडे जातो. जून लागला तशी मीटरवर इंजिनची पिवळी लाईट लागायला लागली. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सरची (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) एरर आहे म्हणाले, एरर काढून दिली, चार दिवसांनी लाईट परत हजर. मग सेन्सरच नवीन टाकला, दहा-बारा दिवस सगळं छान चाललं आणि घाटात जोराचा पाऊस लागला त्या दिवशी परत तेच. गाडी पळायला ठीक आहे पण अ‍ॅव्हरेज कमी झालंय. आता म्हणतात ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलावा लागेल. काय करू? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ईसीएमला तूर्त हात लावू देऊ नका, तो बराच महाग पार्ट आहे आणि तुमच्या वर्णनावरून तो खराब असेल असं मला अजिबात वाटत नाही. तुम्ही दोन गोष्टी फार बरोबर टिपल्यात, एक म्हणजे हे पावसाळ्यात सुरू झालं आणि दुसरी म्हणजे सेन्सर बदलल्यावर दहा-बारा दिवस बरं वाटलं. माझा संशय सेन्सरच्या कपलरवर (दोन वायरी जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट) आणि तिथून वर जाणाऱ्या वायरवर आहे.

कारण सांगतो. ईसीएमला सेन्सर दिसत नाही हो, त्याला दिसतं फक्त वायरीतून येणारं व्होल्टेज. ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल साधारण 0.1 ते 0.9 व्होल्ट एवढाच असतो, मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असलं की खाली, रिच (पेट्रोल जास्त) असलं की वर. एवढ्याशा सिग्नलच्या वाटेत कपलरच्या पिनेवर गंज धरला किंवा पाणी शिरलं की आकडा भलताच येतो किंवा येतच नाही, आणि ईसीएम ऑक्सिजन सेन्सर सर्किटचा कोड टाकून लाईट लावतो. त्यातला 'सर्किट' हा शब्द गॅरेजमध्ये गळतो आणि आपल्याला ऐकू येतं 'सेन्सर गेला'. शिवाय तुमची गाडी 1 एप्रिल 2020 च्या बीएस 6 प्रदूषण नियमातली आहे, त्यात ओबीडीचा (गाडीने स्वतःच स्वतःचे बिघाड ओळखायची सोय) पहिला टप्पा होता, तो मुख्यतः सर्किट तुटलंय का, शॉर्ट झालंय का एवढंच बघतो. सेन्सर हळूहळू म्हातारा होतोय का वगैरे बारीक तपासणी नंतरच्या टप्प्यांत आली.

मग नवीन सेन्सरने दहा-बारा दिवस बरं का वाटलं? तर नवीन सेन्सरबरोबर कपलरचा अर्धाच भाग नवीन येतो, समोरचा अर्धा गाडीच्या वायरिंगचा, तो जुनाच राहतो. कपलर काढून परत लावला की पिना एकमेकींवर घासून थोड्या साफ होतात, तेवढ्यावर काही दिवस निघतात आणि पुढच्या पावसात पाणी परत तिथेच जातं. माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झालं होतं, मी कपलर उघडला तर चारपैकी एका पिनेवर हिरवट पावडर होती, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तशी, आणि वायरवरचं रबरी बूट (टोपी) मागे सरकलेलं, म्हणजे पाण्याला दार उघडंच.

आता तपासायचं कसं. सगळ्यात आधी कोडचा पूर्ण नंबर लिहून मागा, एरर काढायच्या आधी, कारण काढली की पुरावा गेला. पी 0135 असेल तर सेन्सरच्या आतल्या हीटरचं सर्किट, मग त्याचा फ्यूज आणि हीटरच्या दोन वायरी बघायच्या. पी 0131 किंवा पी 0132 असेल तर सिग्नलचं व्होल्टेज अनुक्रमे खाली अडकलंय किंवा वर अडकलंय. नुसतं 'सेन्सरची एरर आहे' एवढ्यावर कुणालाही पार्ट बदलू देऊ नका.

मग इंजिन थंड असताना, चावी बंद करून, सायलेन्सरच्या बेंड पाईपवर सेन्सर आहे तिथून वायर हाताने धरून वर जा, कपलर बहुतेक टाकीखाली किंवा साईड पॅनलच्या आत सापडतो. लॉक दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका. आत पाणी, हिरवं-पांढरं काही, काळपट जळकी पिन, मागे ढकलली गेलेली पिन, हे सगळं टॉर्च मारून बघा. सुक्या मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या आणि 'टक' आवाज येईपर्यंत बसवा, बूट जागेवर ओढा. पिना सेफ्टी पिनने कोरू नका, फाकल्या की ढिल्या बसतात आणि नवीन दुखणं सुरू होतं. पिन खाल्लेली असेल तर मेकॅनिककडून टर्मिनल नवीन दाबून घ्या, काम स्वस्तातलं आहे.

कपलर स्वच्छ निघाला तर वायर पुढे बघा, इंजिनच्या हेडजवळ वितळलीय का, क्लिप तुटून फ्रेमला घासतेय का, हँडलच्या मानेपाशी हार्नेस (वायरींचा जुडगा) वळतो तिथे आतून तुटलीय का (ही जागा फार फसवी, वरून टेप नीट दिसते आणि आत तांबं मोकळं झालेलं असतं). स्कॅनरवर लाईव्ह डेटा चालू ठेवून, इंजिन गरम असताना, गरम पाईपपासून हात लांब ठेवून वायर हलवायला सांगा, हँडल दोन्हीकडे वळवा आणि झाडांवर पाणी मारायच्या स्प्रेने कपलरवर थोडं पाणी मारा. आकडा उडी मारेल ती जागा तुमची.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर सेन्सरवर भरवसा नसला की ईसीएम ठरलेल्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, तो जरा हात सैल ठेवूनच. पण बेंड पाईपचं गॅस्केट (जोडातलं पॅकिंग) फुंकतंय का तेही बघून घ्या, तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सरला मिक्स्चर लीन वाटतं आणि पेट्रोल उगाच वाढतं. गॅस्केटला साधं सिलिकॉन सीलंट मात्र लावू देऊ नका, त्याची वाफ सेन्सरला मारते, तुमचा नवा सेन्सर फुकट जाईल.

प्रश्न : बाहेरगावी असताना चेक लाईट लागली तर गाडी चालवत घरी यावं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पिवळी लाईट स्थिर आहे, गाडी झटके मारत नाही, आवाज नेहमीचा आहे, तर बेताच्या स्पीडने या, ईसीएमकडे अशा वेळेसाठी पर्यायी हिशोब असतो. पण इंजिन मिस करतंय, पेट्रोलचा उग्र वास येतोय तर थांबा, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो भयंकर तापतो, अशी गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका. ऑइलची किंवा टेंपरेचरची लाल लाईट असेल तर एक किलोमीटरसुद्धा नाही, तिथेच बंद. आणि लाईट घालवायला बॅटरीची वायर काढून लावायचा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका, बऱ्याच गाड्यांत कोड त्याने जात नाही आणि गेलाच तर मेकॅनिकला शोधायला काही उरत नाही.