आधी मोजा, मग बटणं बदला

उन्हाळ्याची बिलं हाती पडली की ठाणे-नवी मुंबईतून स्मार्ट प्लग (मोबाइलवरून किंवा ठरलेल्या वेळी चालू-बंद होणारे प्लग) आणि सेन्सरविषयी विचारणा सुरू होते. त्यांतले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : घोडबंदर रोडला आमचा टू-बीएचके आहे. मुलाला सगळे दिवे-पंखे मोबाइलवर आणायचे आहेत. बिल कमी होईल का?

दिव्यांमुळे तरी नाही. 9 वॉटचा एलईडी रोज चार तास विनाकारण जळत राहिला, तरी महिन्याला जेमतेम एक युनिट होतं. उलट प्रत्येक स्मार्ट स्विच वायफायशी जोडलेला राहण्यासाठी स्वतः अर्धा-एक वॉट घेतो. असे वीस बसवलेत तर महिन्याला 7 ते 14 युनिट त्यांच्याच पोटात जातील!

तेच पैसे पंख्यांवर घाला. जुना पंखा 70-75 वॉट घेतो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशविना मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला 15-16 युनिट वाचतात. मुलाच्या हौसेसाठी वीज मोजणारा एकच स्मार्ट प्लग आणा आणि घरातल्या एकेका वस्तूला आठवडाभर लावून बघा. टीव्ही बंद असतानाही सेट-टॉप बॉक्स 10 वॉट घेत असेल, तर ते महिन्याचे 7 युनिट झाले. महावितरणच्या घरगुती दरांत 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्पा बदलतो. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतं.

प्रश्न : गिझर बंद करायला रोज विसरतो. ऐरोलीहून सकाळी लोकल पकडायची घाई असते. टायमर लावावा का?

जरूर लावा. ऑटोमेशनचा खर्च कुठे वसूल होत असेल तर तो इथे. 15 लिटर पाणी 27 अंशांवरून 60 पर्यंत तापवायला सुमारे 0.6 युनिट लागतं आणि 2000 वॉटच्या गिझरला त्यासाठी अठरा-वीस मिनिटं पुरतात. त्यानंतर तो चालू राहिला तर थर्मोस्टॅट अधूनमधून वीज घेत फक्त टाकीतली उष्णता टिकवत बसतो, आणि ते गरम पाणी दिवसभर कुणी वापरत नाही.

आंघोळीच्या वीस मिनिटं आधी चालू आणि शेवटच्या आंघोळीनंतर बंद, अशी वेळ लावा. मात्र त्यासाठी टायमरचा स्मार्ट प्लग 16 अँपिअरचाच हवा. 2000 वॉटला जवळपास 9 अँपिअर करंट लागतो. 6 अँपिअरचा प्लग तापून वितळू शकतो. आणखी एक सेटिंग न विसरता बघा : वीज जाऊन परत आली की प्लग ‘बंद’ अवस्थेत राहिला पाहिजे. नाहीतर दुपारी वीज आल्यावर रिकाम्या घरात गिझर सुरू होईल.

प्रश्न : एसीलाही असाच प्लग चालेल का?

नको. चालू कॉम्प्रेसरची वीज अशी एकदम तोडू नये. रिमोटचे संकेत देणारा इन्फ्रारेड ब्लास्टर घ्या आणि एसी पहाटे चारला बंद, पंखा चालू असं लावा. तापमान 24 ठेवा. एक अंश वाढवला तर साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो.

प्रश्न : नौपाड्यातली जुनी इमारत, जुनं वायरिंग. आईला मोबाइल जमत नाही. स्मार्ट स्विच बसवता येतील का?

आईंचं बटण आहे तसंच राहू द्या. बोर्डाच्या आत, बटणामागे बसणारं छोटं स्मार्ट स्विचचं मॉड्यूल घेतलंत तर भिंतीवरचं बटणही चालतं आणि मोबाइलही. बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रल वायर (वीज परत नेणारी तार) लागते. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे ती असतेच, नुसत्या बटणांच्या बोर्डावर नसू शकते. वायरमनकडून आधी तपासून घ्या.

प्रश्न : नेरूळच्या आमच्या सोसायटीत पार्किंगचे दिवे चोवीस तास चालू असतात.

घरातल्या कुठल्याही उपायापेक्षा इथे जास्त वाचेल. 20 वॉटच्या 40 ट्यूब दिवसाला 19 युनिट घेतात. पण सगळ्या ट्यूब मोशन सेन्सरवर (माणसाची हालचाल टिपून दिवा लावणाऱ्या उपकरणावर) टाकू नका. रात्री उशिरा एकटी येणारी बाई काळोखात पाऊल टाकणार नाही, हे कमिटीत आवर्जून सांगा. दर चौथी ट्यूब कायम चालू ठेवा, उरलेल्या तीस मोशन सेन्सरवर घ्या. सेन्सर प्रवेशाजवळ आणि लिफ्टसमोर आधी बसवा, आणि माणूस गेल्यावरही दोन-तीन मिनिटं दिवा राहील असं सेट करा.