गॅस लीकचा अलार्म आहे, तो चालेल का?

प्रश्न : आमचं घर गुहागरला, न्हाणीघरात गॅस गिझर, पावसाळ्यात झड येते म्हणून खिडकी बंदच असते. किचनमध्ये गॅस लीकचा अलार्म लावलाय, तोच पुरेल ना?

उत्तर : नाही हो ताई, तो सिलिंडरचा गॅस ओळखतो, बंद न्हाणीघरात गिझर जळताना होणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू नाही, आणि ह्या वायूला ना वास ना रंग. ईएन ५०२९१ (कार्बन मोनॉक्साइड अलार्मचं युरोपियन मानक) छापलेला डिटेक्टर घ्या, हवेत हा वायू ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) झाला की तो ३ मिनिटांच्या आत वाजतो, पण न्हाणीघरात नको, वाफेने सेन्सर बिघडतो, झोपायच्या खोलीत लावा आणि मागची एक्स्पायरी बघून बदला. खरं सांगू, आत आंघोळ करणाऱ्याला त्याचा भरवसा नाही, म्हणून गिझरच आधी बाहेर काढून घ्या, तोवर झड आली तरी खिडकी उघडी ठेवा. आणि वाजला की सगळ्यांना घेऊन पहिलं अंगणात या, पाऊस असला तरी.