बॅशमध्ये लूपच्या आत वाढलेला आकडा बाहेर आल्यावर शून्य का होतो?

तुमच्या तक्रारी दोन आहेत. पुण्यातल्या पत्त्यांची फाइल फॉर लूपने वाचली की 'सदाशिव' एका फेरीत येतो आणि 'पेठ' दुसऱ्या. व्हाइल-रीड, म्हणजे एकेक ओळ वाचणारा लूप, लावला की ओळी नीट येतात, पण मोजणीचं व्हेरिएबल शेवटी शून्यच.

पहिलीचं उत्तर सोपं आहे. फॉर लूपला अवतरणचिन्हांशिवाय कॅटचं, म्हणजे फाइलमधला मजकूर दाखवणाऱ्या कमांडचं, आउटपुट दिलं की बॅश स्पेस, टॅब आणि नवी ओळ अशा तिन्हींवर तुकडे पाडतं. पेठांच्या गावात तो लूप चालायचा नाही.

दुसरीने मलाही चांगलंच गंडवलंय. रात्री क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीवर, चालणारी माझी स्क्रिप्ट लॉगमधल्या एरर मोजायची आणि रोज सकाळी 'एरर ०' असा मेल यायचा. आम्ही खूश. कुणीतरी सहज लॉग उघडला तेव्हा कळलं.

होतं असं, की कॅटचं आउटपुट पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेने) लूपला दिलंत तर बॅश तो लूप सबशेलमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतं. तिथे जाते ती व्हेरिएबलची झेरॉक्स. तिच्यावर काय हवं ते लिहा, मूळ कागद होता तसाच राहतो. एरर कुठलीच येत नाही, म्हणून जास्त त्रास.

तेव्हा कॅट आणि पाइप दोन्ही काढा. लूप जिथे संपतो त्या 'डन'नंतर 'पेक्षा लहान'चं चिन्ह टाकून फाइलचं नाव द्या, अवतरणचिन्हांत. आता लूप त्याच शेलमध्ये चालतो आणि आकडा टिकतो. बॅश ४.२ पासून 'लास्टपाइप' नावाचा पर्यायही आहे, तो पाइपमधली शेवटची कमांड त्याच शेलमध्ये चालवतो, पण जॉब कंट्रोल (कामं थांबवायची-चालू करायची शेलची सोय) बंद असतानाच लागू होतो. म्हणजे स्क्रिप्टमध्ये चालणार आणि टर्मिनलवर तपासायला गेलात की नाही. मी त्याच्या वाटेला जात नाही.

रीडच्या आधी आयएफएस (तुकडे कशावर पाडायचे ते ठरवणारं व्हेरिएबल) रिकामा ठेवा, नाहीतर ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्पेस जातात. रीडला 'उणे आर' द्या, नाहीतर बॅकस्लॅश गायब होतात.

आकडा आला आणि तरी एकाने कमी भरला, तर फाइलची शेवटची ओळ बघा. तिच्यापुढे एंटर नसेल तर रीड ती वाचतं, व्हेरिएबलमध्ये भरतं, पण 'अपयशी' म्हणून परततं आणि लूप तिथेच थांबतो. व्हाइलच्या अटीत 'किंवा ओळ रिकामी नसेल' एवढं जोडा, राहिलेला पत्ता मिळेल.