दीड वर्षाच्या बाळाला जुलाब लागलेत : घरी काय करावं, दवाखाना कधी गाठावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकरू दीड वर्षाचं आहे, कालपासून सात-आठ वेळा पाण्यासारखी संडास झाली, दोनदा उलटी झाली आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "पाणी कमी पाजा, जेवढं पाजाल तेवढं खालून जाईल." म्हणून पाणीही कमी केलंय आणि अंगावरचं दूधही तोडलंय. मी परभणी जिल्ह्यात एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. आधी दूध परत सुरू करा आणि घरात कुणाला तरी ओआरएस (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी, त्याची पूड पाकिटात मिळते) कालवायला सांगा. बाकीचं त्यानंतर वाचलं तरी चालेल.

जुलाबात लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळं. संडास आणखी दोन-तीन दिवस चालू राहील, राहू द्या. गेलेलं पाणी तेवढ्याच वेगानं भरून निघतंय ना, एवढं बघा. आतडं बिघडलेलं असलं तरी साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र गेले की ते आत शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. अगदी पटकीत, म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा ही वाट चालू असते. साखर जास्त झाली तर मात्र उलटं होतं, पाणी आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक, पेटीतला फळांचा रस आणि गोड चहा या दिवसांत नकोच.

पाकीट कालवताना आमच्याकडं सर्रास एक चूक होते. पाकिटातली चिमूटभर पूड वाटीत टाकतात आणि उरलेली घडी घालून ठेवतात. असं करू नका. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते अख्खं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाका. पाण्याची एक लिटरची बाटली मापाला चांगली. छोटं पाकीट २०० मिलीचंही मिळतं, म्हणून वरचं माप वाचून घ्या. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्या. पाकीट विकत घेताना त्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा. ओआरएस नाव लावलेली गोड पेयं बाजारात बरीच वर्षं होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, त्यांना हे नाव वापरायला मनाई केली. असा डबा घरात पडून असेल तर तो लेकराला देऊ नका.

पाकीट आशाताईकडं किंवा उपकेंद्रात फुकट मिळतं. रात्री-बेरात्री नाहीच मिळालं तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्यावर ढीग नको. चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा. हे सकाळपर्यंतचं काम भागवायला, पाकीट हातात आलं की पाकीटच.

किती पाजायचं? दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा पेला. मिनिट-दोन मिनिटाला एक चमचा, असं बसून पाजा. बाटलीनं किंवा पेल्यानं घटाघटा दिलं की ते बाहेर येतं आणि घरात म्हणतात, "बघा, पाणी पचत नाही." उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी हळू सुरू करा. हे कंटाळवाणं आहे, मांडी आखडते, मला माहीत आहे. पण रात्रभर आळीपाळीनं चमच्यानं पाजणाऱ्या आज्यांनी सकाळपर्यंत लेकरं हसती केलेली मी पाहिलीत. तुमच्या सासूबाईंना याच कामाला बसवा, त्यांच्याइतका धीर कुणाला नसतो.

आपल्याकडं लोक थेट "सलाईन लावा" म्हणतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटायला लावलं, पाजायला घरचीच माणसं होती. ३० टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. सलाईन लागतं ते ज्या लेकराला पिताच येत नाही त्याला.

झिंकच्या गोळ्याही आशाताईकडून घ्या. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलीग्रॅमची एक गोळी, चमचाभर पाण्यात विरघळवून, १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका, पुढचे जुलाब टाळायलाही तिचा उपयोग होतो. संडास बांधायची गोळी मोठ्यांसाठी घरात असेल तर ती लेकराला कधीच देऊ नका. अँटिबायोटिकही मनानं नको.

खायला मऊ मुगाची खिचडी, दहीभात, केळं, मीठ घातलेली पेज. थोडं थोडं, पण जास्त वेळा. उपाशी ठेवलेलं लेकरू आणखी खंगतं.

आता दवाखान्याचं. संडासमध्ये रक्त, काहीच न पिणं, पाजलेलं सगळं उलटून पडणं, डोळे खोल जाणं, रडताना पाणी न येणं, सहा तास लघवी न होणं, फार ताप, किंवा लेकरू मरगळून मान टाकणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघा. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा, ती सावकाश खाली बसली तर तीही धोक्याची खूण. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा आणि लेकरू पीत असेल तर वाटेत चमच्यानं पाजत राहा. यातलं काही नसेल पण तीन दिवसांत उतार पडला नाही, तरी दाखवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वाटच बघू नका.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. टाळू खोल गेली की गावात "टाळू पडली" म्हणून तेल भरत बसतात. लहान बाळाची टाळू खोल जाते कारण अंगातलं पाणी संपत आलेलं असतं. तेलानं ती वर येत नाही, त्या बाळाला त्याच घडीला डॉक्टर लागतो. तुमच्या लेकराची टाळू या वयात बुजत आलेली असते, तेव्हा त्याचे डोळे आणि लघवी बघा. पण शेजारी तान्हं बाळ असेल तर त्या घरी हे जरूर सांगा.

लेकरू बरं झालं तरी आशाताईला कळवा. आपल्याकडं उन्हाळाभर टँकरचं पाणी पिंपात साठवतो आणि पहिल्या पावसाचं नवं पाणी विहिरीत उतरतं, तेव्हाच घरोघरी ढाळ-उलट्या सुरू होतात. गल्लीत आणखी दोन-तीन घरांत हेच असेल तर दोष पाण्याचा असू शकतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलं का आणि तुमच्या नळाची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी) झाली का ते विचारा. त्या टेस्टमध्ये पाण्याला पिवळी झाक आली तर क्लोरीन पोचलंय. नाही आली, तर टीसीएल नीट पडेपर्यंत घरातल्या सगळ्यांचंच पाणी उकळून घ्या.