सिद्धूंच्या पत्नीचा कर्करोग आहाराने बरा झाला असेल, तर आईची केमो का चालू ठेवायची?

तुमच्या आईची तिसरी केमो नुकतीच झाली आहे, मामा रोज माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांचा व्हिडिओ पाठवून "हे विष बंद करा, हळद आणि कडुनिंब सुरू करा" असा आग्रह धरत आहेत आणि त्यांना काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या मावशीच्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना दीड वर्ष तिच्याबरोबर रुग्णालयाच्या फेऱ्या मारल्या, आणि हाच वाद आमच्या स्वयंपाकघरातही झाला, एवढ्याच अधिकारावर लिहिते आहे.

आधी मूळ प्रसंग नीट पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमृतसर येथे पत्रकारांशी बोलताना सिद्धू यांनी, आपल्या पत्नीने चौथ्या टप्प्यातील कर्करोगावर मात केली असे सांगितले आणि त्याचे श्रेय लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंबाची पाने, तुळस, साखर व दूध पूर्ण बंद आणि दोन जेवणांतले लांब अंतर यांना दिले. बातमीचा मथळा झाला तो 'चाळीस दिवसांत कर्करोग बरा'. त्यांच्या पत्नी स्वतः डॉक्टर आणि माजी आमदार आहेत. त्यांनी मार्च २०२३ मध्येच आपला आजार दुसऱ्या टप्प्यातला असल्याचे आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया होणार असल्याचे समाजमाध्यमावर लिहिले होते. म्हणजे शस्त्रक्रिया आणि ही पत्रकार परिषद यांच्यामध्ये जवळपास वीस महिने आहेत, आणि त्या काळात केमोथेरपीही झाली होती. व्हिडिओतल्या चाळीस दिवसांच्या मागे हे वीस महिने उभे आहेत, पण फॉरवर्ड करताना नेमके तेच गळून पडतात.

काही दिवसांतच परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून एक निवेदन काढले. या आहाराच्या बाजूने भक्कम पुरावा नाही, यांपैकी काही पदार्थांवर संशोधन चालू असले तरी आज त्यांचा उपचार म्हणून वापर करावा असे म्हणता येत नाही, आणि अशा उपायांच्या मागे लागून उपचार लांबवू नका, असा त्याचा आशय होता. त्यानंतर सिद्धू यांनीही, हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचारांना पूरक म्हणून घेतला होता, असा खुलासा केला. मामांना पाठवायचाच असेल तर हा खुलासा पाठवा. डॉक्टरांचे निवेदन पाठवलेत तर "ते औषध कंपन्यांचेच लोक" हे उत्तर ठरलेले आहे. आमच्याकडेही ते आलेच होते.

हळदीविषयी मी जरा आपुलकीने लिहिते, कारण मी सांगलीची आहे आणि हरिपूरच्या पेवांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांच्या, गोष्टी ऐकत वाढले आहे. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत बशीतल्या कर्कपेशींवर परिणाम करते, हे खरे आहे. परंतु बशीत ते पेशींवर थेट ओतलेले असते, आणि पोटात गेल्यावर मात्र आतडे ते फारसे शोषून घेत नाही व शोषलेले यकृत लगेच बाहेर काढते. रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही रक्तात ते जेमतेम सापडले. हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण साधारण ३ टक्के धरले, तर तेवढ्यासाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. भाजीतली हळद आईला खुशाल द्या, ती औषध नव्हे एवढेच.

साखर आणि दुधाचा मुद्दा याहून गंभीर आहे, आणि माझी खरी काळजी तीच आहे. कर्कपेशी साखर अधिक वापरतात, हे शंभर वर्षांपूर्वी ओटो वॉरबर्ग यांनी दाखवले आणि पेट स्कॅन (PET, शरीरातला कर्करोग शोधणारी तपासणी) त्याच गुणधर्मावर चालतो. त्यावरून "साखर तोडली की गाठ उपाशी मरते" असा निष्कर्ष काढला जातो. पण खाण्यातून साखर मिळाली नाही, तर यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासूनही ग्लुकोज तयार करते. तेव्हा आधी रुग्ण वाळतो, गाठ नव्हे.

मावशीचे असेच झाले. तिच्या मोठ्या जाऊबाई मायेपोटी रोज सकाळी स्टीलच्या तांब्यात कडुनिंबाचा कच्चा रस आणत. दूध, दही, पोळी बंद केली होती. मावशी कुणाचे मन मोडत नसे, म्हणून नाक दाबून प्यायची आणि बेसिनपाशी जाऊन उलटी करायची. तीन आठवड्यांत वजन ५४ वरून ४९ किलोवर आले, पांढऱ्या पेशींचा काउंट पडला आणि केमोची पुढची सायकल (फेरी) दहा दिवस पुढे ढकलावी लागली. काउंट केमोमुळेही पडतोच, त्याचा दोष मी रसाला देणार नाही. मात्र काउंट कमी असताना कच्च्या पाल्याच्या रसातून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि या काळात प्रथिने वाढवायची असतात, हे आहारतज्ज्ञ बाईंनी तेव्हा आम्हाला सांगितले. केमो कुणीच सोडली नव्हती, तरीही नुकसान व्हायचे ते झालेच. "दोन्ही करू, त्यात काय बिघडते?" या समजुतीचे उत्तर मला तिथे मिळाले.

केमो सोडूनच दिली तर काय होते, याचीही आकडेवारी आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्या ५६० रुग्णांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट होता, आणि स्तनाच्या कर्करोगात साडेपाच पटींहून अधिक. याच्या उलट, मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केवळ हाताने स्तनतपासणी केल्याने पन्नाशीपुढील स्त्रियांमधले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ते एकदाही आले नाही. त्यात ना क्रिकेटपटू होता, ना हळद.

मामांशी वाद मात्र घालू नका. त्यांना बहिणीसाठी काहीतरी करायचे आहे आणि केमोच्या खोलीत नातेवाइकाच्या हाताला काही काम नसते. जाऊबाईंना आम्ही पुढच्या ओपीडीला बरोबर नेले आणि त्यांची यादी त्यांनाच डॉक्टरांपुढे वाचायला लावली. डॉक्टरांनी ती शांतपणे ऐकली, कच्चा रस तेवढा खोडला आणि "रोज दोन अंडी आणि वाटीभर घट्ट वरण पोटात जाईल, एवढी जबाबदारी तुमची" असे त्यांनाच सांगितले. दुसऱ्या दिवशीपासून त्या तांब्याऐवजी डबा आणू लागल्या आणि मावशीने किती खाल्ले, ते तारखेनिशी वहीत लिहू लागल्या.