५५ हा आकडा आला कुठून, ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचली. वय ४४, उंची १६० सेंमी, ८२ वरून ६६ किलोवर आलात, चार महिने काटा तिथेच अडकलाय आणि वजन उतरवणाऱ्या सेंटरच्या कार्डावर 'टार्गेट ५५' लिहिलंय, म्हणून रात्रीचं जेवण बंद करू का असं विचारताय. नका करू. काय खावं, काय टाळावं हे तुम्हाला कळतंच, नाहीतर १६ किलो उतरले नसते. तेव्हा ते सगळं वगळून मुद्द्यावर येऊ.

५५ म्हणजे १६० वजा १०५. बस्स, एवढंच त्यामागचं शास्त्र. पुरुषांच्या उंचीतून १०० वजा करायचे, बायकांच्या उंचीतून १०५. पॉल ब्रोका या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने चालत आलेला हा ठोकताळा आहे. त्यात वय धरलेलं नाही, कंबर नाही, बांधा नाही. तुम्ही ८२ वरून आलात की ५८ वरून, हेही त्याला ठाऊक नाही. मलाही एका सेंटरने (नाव घेत नाही) असंच कार्ड दिलं होतं, आणि त्या आकड्याच्या हट्टापायी शेवटी जे उतरलं त्यात स्नायूच फार होते. पॅकेज किलोवर विकलं की समोरच्याला किलोच दिसणार. चरबी गेली की मांडीचा स्नायू, याच्याशी त्याच्या पावतीला देणंघेणं नसतं.

आता बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा. २००९ च्या भारतीय निकषांनुसार १८ ते २२.९ नॉर्मल, २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. तुमच्या उंचीला २३ म्हणजे ५९ किलो, २५ म्हणजे ६४ किलो. आज तुम्ही २५.८ वर आहात. म्हणजे अजून थोडं उतरायला वाव आहे, तो मी नाकारत नाही. पण इतर देशांपेक्षा आपल्याकडे ही रेषा खाली का आणली ते बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त, ही मूळची अडचण. त्यात उपाशी राहून स्नायू घालवले तर काटा ५५ दाखवेल आणि पोट तसंच राहील.

म्हणून ध्येय किलोत नको, कंबरेत ठेवा. तुम्ही ८६ सेंमी लिहिलंय. भारतीय बायकांसाठी मर्यादा ८० (पुरुषांसाठी ९०), आणि कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी हा दुसरा नियम. तुमच्या बाबतीत तोही ८० वरच येतो. मोजायची कुठे? बेंबीवर नाही, परकरच्या नाडीच्या जागी तर नाहीच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. दोनदा मोजा. एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

काटा का अडकला तेही सांगायला हवं, कारण तुम्ही स्वतःला आळशी म्हणवून घेतलंय. वजन उतरलं की शरीराचा खर्च उतरतो, दर किलोमागे दिवसाला साधारण २० ते ३० किलोकॅलरी. १६ किलोंचे धरा ३२० ते ४८०. वर भूक वाढते ती वेगळीच. सुरुवातीला ज्या ताटाने वजन उतरत होतं, तेच ताट आता वजन टिकवणारं ताट झालंय. हे अपयश नाही, हा हिशोब आहे.

माझं मत (डॉक्टर नाही मी, हे लक्षात ठेवून वाचा): आता तीन महिने मुद्दाम थांबा. कमी करायचं नाही, वाढू द्यायचं नाही. वजनाचा पट्टा ठरवा, ६४.५ ते ६७.५ किलो. आठवड्यातून चार दिवस सकाळी, शौचानंतर, चहाआधी, काटा सतरंजीवर नव्हे तर फरशीवर ठेवून वजन घ्या आणि सरासरी लिहा. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. लोणचं-पापड झालं, पाळी जवळ आली की एक-दोन किलो नुसतं पाणी वाढतं. सरासरी सलग दोन आठवडे पट्ट्याच्या वर गेली तरच हात आखडा, आणि तोही पोळी-भाकरीवर नको, आधी तेलावर. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल बसतंय का बघा. बहुतेक घरांत तिथेच सगळं सापडतं. त्यानंतर चहाची साखर, मग चहासोबतचं फरसाण.

सध्या खूपच कमी खात असाल तर दर आठवड्याला रोजच्या जेवणात एक छोटी भाकरी वाढवा (३० ग्रॅम पिठाची, साधारण १०० किलोकॅलरी). पहिल्या आठवड्यात काटा थोडा वर जाऊ शकतो. घाबरू नका. स्नायूंत साठणारं ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, ते वजन आहे, चरबी नाही. नेमकं इथेच घाबरून लोक पुन्हा उपासाला लागतात.

प्रथिनं दिवसाला ६५ ते ७५ ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर हे वाचूच नका, डॉक्टरांना विचारा). 'रोज वरण-भात खाते' याने भागत नाही. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सातेक ग्रॅम, अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीस. पातळ वरणाची वाटी यात कुठे बसते ते तुम्हीच बघा. सोबत आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहाचे तीन फेरे, सोपं झालं की हातात पाच लिटरचा कॅन. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

तीन महिन्यांनी कंबर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि बीपी बघा. तुमचं एचबीए१सी ६.२ वरून ५.६ वर आलंय, म्हणजे पूर्वमधुमेहाच्या ५.७ च्या रेषेखाली. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्क्यांतच साखर-बीपीवर फरक दिसू लागतो, तुम्ही जवळजवळ वीस टक्के उतरवलेत. पट्टा सहज राहिला, म्हणजे लग्नाचं जेवण, पुरणपोळी, परगावचा प्रवास सगळं धरून राहिला, तर पुढचे दोन-तीन किलो घ्या आणि पुन्हा थांबा. ६२-६३ वर कंबर ८० झाली तर विषय संपला, ५५ कुणाला हवेत? आणि पाळी चुकायला लागली, मूठभर केस गळू लागले, सारखी थंडी वाजू लागली, तर आकडा काहीही असो, तुम्ही फार खाली गेला आहात.

लग्नातलं वजन ४८ होतं, हे डोक्यातून काढा. बाविसाव्या वर्षीचं शरीर परत मागता येत नाही. 'किती वाळलीस गं, आजारी आहेस का' म्हणणाऱ्या मावश्यांचंही मनावर घेऊ नका. त्यांना ७० वरही तसंच वाटलं असतं.

बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल आणि ८२ किलोला दिलेला डोस तसाच असेल, तर याच आठवड्यात दाखवून घ्या. उठल्यावर चक्कर, दुपारी हात थरथरणं यामागे तेच असू शकतं. आणि कंबर मोजायला शिलाईच्या डब्यातली जुनी कापडी टेप घेऊ नका, ती ताणून लांबलेली असते. स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा आणि मग ८६ खरंच ८६ आहे का ते इथे लिहा.